चौथा माणूस

मुंबईहून एक पोरगी आली होती, हातात रेकॉर्डर.
मास्तर, तुमच्या मारामारीवर प्रभाव कुणाचा?
हिंदुराव मिठारींनी मफलर सारखा केला,
दोन जपानी नावं सांगितली, एक हाँगकाँगचं,
आणि आत चहा टाकायला सांगितलं.
मी दाराशी बसून गुडघ्याला तेल चोळत होतो.
मला कोण विचारतंय.
मी त्यांच्या एकोणीस पिक्चरांत पडलोय.

माळवदावरून. उसाच्या ट्रॅक्टरवरून.
जोतिबाच्या पायऱ्यांवरून, गुलालासकट.
रंकाळ्यात दोनदा, दोन्ही वेळा जानेवारीत.
हिरोचा डुप्लिकेट क्वचित,
बहुतेक वेळा व्हिलनचा चौथा माणूस.
पहिल्या तिघांना डायलॉग असतो.

तर जपान राहू दे बाजूला.
मंगळवार पेठेत त्यांच्या घरामागं उखळ होतं.
चैत्रात आई आणि शेजारची बानूबी
एका उखळात दोन मुसळं घालून मिरची कांडायच्या,
हिचं वर, तिचं खाली,
बोलणं जावांच्या भांडणाचं, नजर तिसरीकडंच,
आणि मुसळ मुसळाला कधी लागलं नाही.
तलवारबाजी बसवताना मास्तर ओरडायचे,
"बानूबी! बानूबी!"
मद्रासचा फाइटमास्तर बिचारा हिरॉईनकडं बघायचा.

आणि यल्लाप्पा. कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवणारा.
एडिटिंगच्या टेबलावर मास्तर बोटांनी त्याचा ठेका धरत.
"थापेवर कापू नको रे.
थापेच्या आधी हात वर असतो बघ,
तिथं काप."
कापणाऱ्या पोरानं आयुष्यात हलगी ऐकली नव्हती.
त्याला रिक्षात घालून थेट मैदानात नेला.

तिथंच, खासबागेत, नऊ वर्षांचे असताना
मास्तरांनी एक कुस्ती बघितली होती.
पाऊण तास दोघं नुसते हात धरून उभे.
शेंगा खाणारं पब्लिकही गप्प.
मग एक ढाक, आणि आभाळ दिसलं एकाला.
जिंकलेला खांद्यावर गेला, फेटा, नोटा, सगळं.
मास्तर बघत होते दुसऱ्याकडं.
तो अंगाची माती न झटकता
हौदाच्या कडेला वाकून
गर्दीत आपली चप्पल शोधत होता.
एक सापडली होती.

प्रत्येक पिक्चरात तो शॉट घेतला त्यांनी.
हिरो पुढं, हिरॉईन गळ्यात, वर संगीत,
आणि मागं, फ्रेमच्या कोपऱ्यात, आउट ऑफ फोकस,
मी. चप्पल शोधताना.
प्रत्येक प्रोड्यूसरनं तो कापला.
"कोपऱ्यात कुत्रं फिरतंय काय ते?" म्हणाला एकजण,
ट्रक विकून पैसे घातले होते त्यानं, बोलायचा हक्क होता.
एकदाच राहिला, चुकून, तिसऱ्या पिक्चरात.
ते पंचवीस आठवडे चाललं.
त्याच्यामुळं नव्हे.

पुढं साड्यांचे, सासवांचे पिक्चर आले.
मास्तरांनी पंपाच्या जाहिराती केल्या,
एका आमदाराची मिरवणूक शूट केली चार कॅमेरे लावून.
मग दोऱ्या आल्या. माणसं उडायला लागली.
हैदराबादहून बोलावणं आलं तेव्हा म्हणाले,
"उडणारा माणूस पडतो कुठं, ते सांगा, मग येतो."
तिकडनं फोन आला नाही परत.

मास्तर गेले भाद्रपदात.
पंचगंगेच्या घाटावर माणसं बरी होती,
तीन जुने व्हिलन, यल्लाप्पाचा नातू,
आणि ती पोरगी, या वेळी रेकॉर्डर नव्हता.
एवढी वर्षं ॲक्शन म्हटलं की मी पडायचो,
कट म्हटलं की उठायचो.
कुणीच काही म्हणेना.
लोक पांगले. मी कठड्याशी वाकलो,
गुडघा कटकन वाजला,
अंधारात हातानं चाचपत राहिलो.
"काका, काय शोधताय?" तिनं विचारलं.

एक सापडली होती.